बाईंनी दिलेले तीन स्टार

वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं काढली. तळाशी पोकळ केलेली वजनं, पारड्याखाली चिकटवलेलं मेण, बुडाला पोचा पाडलेली लिटरची मापं, सगळं पकडलं. एका व्यापाऱ्याने माझ्या अंगावर कुत्रं सोडलं, दुसऱ्याने वरिष्ठांकडे माझ्याविरुद्ध सतरा पानी अर्ज केला. तरी माझा रक्तदाब कधी वाढला नाही. तो वाढला निवृत्तीनंतर, घरात बसून, एका हेडबाईंमुळे. त्या बाई अत्यंत सज्जन आहेत हे मला इथे कबूल करावं लागतंय, याचाही मला राग येतो.

आमची ही शिवणकाम करते. लोक त्याला 'घरबसल्या काहीतरी करते' असं म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्यांच्या अंगावरचे कपडे हिनेच शिवलेले असतात. एकोणीस वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत बसते आहे. एका बाजूला गाद्यांची चळत, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल, मधल्या बोळात दोन मशिनं आणि काजं-बटणं करायला येणाऱ्या दोघीजणी. गिऱ्हाईक आत आलं की त्या दोघींपैकी एकीला बाहेर येऊन माझ्यासमोर बसावं लागतं, आणि मग मला पेपर नीट वाचता येत नाही. आमच्या संकुलाच्या फाटकाशी एक गाळा आहे. त्यातला झेरॉक्सवाला सोडून गेल्यापासून ही तिथून जाताना चाल मंद करायची. मशिनं कुठे बसतील, कापायचं टेबल कुठे येईल, हे ती डोळ्यांनी मोजत असायची. मी निरीक्षक होतो, मला कोण काय मोजतंय हे कळतं.

अशात जवळच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी एका नर्सच्या अंगावर हिने शिवलेला ॲप्रन पाहिला, शिवण उलटी करून बघितली आणि हिला बोलावून घेतलं. दोनशे ॲप्रन, आणि काम पसंत पडलं तर दर वर्षी तेवढेच. म्हणजे गाळा घेता येईल, दोघींना बारमाही काम मिळेल. अट एकच. हॉस्पिटलने नवा नियम केला होता की खरेदी ऑनलाइन बाजारातूनच करायची, आणि ज्या विक्रेत्याबद्दल किमान दहा गिऱ्हाइकांची मतं सगळ्यांना वाचता येतात त्याच्याकडूनच करायची. मुदत होती दोन महिन्यांची.

माझा मेव्हणा संगणक कंपनीत आहे. तो म्हणाला, ताईला एखाद्या मोठ्या बाजारावर बसवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज गाळ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो असतो. पण मी ते मोठे बाजार आठवडाभर तपासले. पैसे भरणारा वर, न भरणारा तळाला. कालच उघडलेल्या दुकानाला नऊ हजार लोकांनी 'छान' म्हटलेलं. माझं डोकं फिरलं. जिथे माप खोटं तिथे माझी बायको दुकान मांडणार नाही, असं मी भर जेवणात ताट बाजूला सारून जाहीर केलं. बाजार मीच काढणार होतो. आपल्या चार इमारतींचा, खऱ्या मापाचा, निःपक्षपाती.

ही म्हणाली, "अहो, मला फक्त ॲप्रन शिवायचेत." मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकताना माझं ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं, ते मी होकार समजलो.

नियमावली मी स्वतः लिहिली. चौसष्ट नियम. मेव्हण्याने विचारलं की एवढे कशाला, तेव्हा मी त्याला सांगितलं की भोकं ठेवली की उंदीर येतात. त्याने मान डोलावली आणि मी लिहिलं तसं, कानामात्रेचा फरक न करता, यंत्रात घातलं. आज मला वाटतं की त्याने थोडा तरी कामचुकारपणा करायला हवा होता. सरकारी खात्यात त्याच्या जागी कोणीही असता तर चौसष्टातले चाळीस नियम विसरला असता आणि लोकांचं भलं झालं असतं.

मग अध्यक्ष आले. आमच्या संकुलाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं, संकुलाचं नाव वापरायचं तर ठराव हवा. ठरावासाठी सभा हवी, सभेसाठी सात दिवस फळ्यावर सूचना हवी, आणि फळ्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते मुलीकडे गेलेले. सभा झाली तेव्हा बाजारात चपला विकाव्यात की नाही यावर दीड तास गेला. एकाने विचारलं की बाजारात भांडणार कोण, कारण घासाघीस नसेल तर तो बाजार कसला. दुसऱ्याने सल्ला दिला की सगळं रद्द करून त्या खर्चात लिफ्टला पंखा बसवा. खर्च शून्य होता हे मी तीनदा सांगितलं. शेवटी ना हरकत पत्र मिळालं, त्यावर माझा हुद्दा 'बाजारवाले' असा लिहिलेला होता. तो बदलून 'संस्थापक' करून घ्यायला आणखी चार दिवस गेले. मुदतीतले सतरा दिवस असे गेले.

बाजार उघडला आणि पहिल्या दिवसापासून लोकांनी मला छळायला सुरुवात केली. जन्मभराची सवय म्हणून मी प्रत्येक मालाला वजनाचा रकाना सक्तीचा ठेवला होता. त्यात काय चुकलं ते मला अजून कळत नाही. गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंना त्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यांनी स्वतःचं वजन लिहिलं. ते चारही इमारतींनी वाचल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एका गृहस्थाने बायकोला न विचारता तिची व्यायामाची सायकल विकायला काढली, आणि ती त्यांच्याच बायकोने वेगळ्या नावाने विकत घेतली. कुणी शेजाऱ्याचा भुंकणारा कुत्रा विकायला ठेवला, 'हालत उत्तम, आवाज खणखणीत' असं लिहून. प्रत्येक तक्रार माझ्या दारात येत होती. जिना चढून आलेला माणूस पाणी मागतो, पाणी पितो आणि मग शिव्या देतो.

पण मला अभिमान होता तो तारे देण्याच्या व्यवस्थेचा. तारे म्हणजे स्टार, एक ते पाच. माल घेतलेल्यानेच द्यायचे, नावानिशी द्यायचे, सगळ्यांना दिसतील असे द्यायचे. चोवीस तासांत काय तो फेरफार करा, नंतर नाही. नियम एकोणीस असा होता की दहा किंवा जास्त गिऱ्हाइकांनी मिळून ज्याची सरासरी चारच्या खाली आणली, त्या विक्रेत्याला तीस दिवस सक्तीची विश्रांती. त्याचं दुकान यंत्र आपोआप बंद करणार. आणि नियम वीस, जो लिहिताना माझी छाती फुगली होती, तो असा की ही विश्रांती संस्थापकालासुद्धा उठवता येणार नाही.

हिने दुकान मांडलं. कामाबद्दल मला काळजी नव्हतीच. पहिलं गिऱ्हाईक हेडबाई. या बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आसपासच्या निम्म्या लोकांना त्यांनी बाकावर उभं केलेलं आहे. आमचे अध्यक्ष रोज लोकांच्या तोंडात हात घालतात, पण बाई जिन्यात दिसल्या की स्वतःचं तोंड मिटून बाजूला उभे राहतात. बाईंनी हिच्याकडून दोन पोलकी शिवून घेतली, घालून बघितली, आरशासमोर हात वर-खाली केले आणि लिहिलं, 'टाके एकसारखे. बेतणी नेटकी. प्रगती समाधानकारक.' खाली तीन स्टार.

मी हसलो. एका मताने काय होतं?

पण बाकीची गिऱ्हाइकं बाईंचे विद्यार्थी होती, किंवा विद्यार्थ्यांच्या आया होत्या, किंवा विद्यार्थ्यांच्या बायका होत्या. त्यांनी आपलं मत लिहायला पान उघडलं की वर पहिल्यांदा बाईंचे तीन दिसायचे. बाईंनी तीन दिले तिथे आपण पाच कसे द्यायचे? एकीने लिहिलं, 'इतका सुंदर ड्रेस मला आयुष्यात कोणी शिवून दिला नव्हता', आणि तीन दिले. दुसरीने लिहिलं, 'देवाचे हात आहेत', तीन. एका धीट सुनेने चार दिले, आणि तासाभरात फेरफार करून तीन केले. अध्यक्षांच्या बायकोने अडीच देता येतील का म्हणून मला फोन केला, कारण बाईंच्या बरोबरीने देणंही त्यांना आगाऊपणाचं वाटत होतं. दहा मतं, दहा कौतुकं, सरासरी तीन.

मुदत संपायला तीन दिवस होते. सकाळी चहा घेत असताना हिच्या फोनवर संदेश आला. मजकूर मीच लिहिलेला होता. 'आपल्या कामाचा दर्जा बाजाराच्या मापात बसत नाही. तीस दिवस विश्रांती घ्यावी. आपले हितचिंतक, संस्थापक.'

हिने तो मला वाचून दाखवला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचून दाखवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि त्या दोघींना म्हणाली की आज काजं नकोत, घरी जा. मी एकटाच बाहेर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. आधी यंत्राचा राग आला, मग हेडबाईंचा, मग बाकीच्या नऊ भित्र्या बायकांचा. माझी पाळी यायला दुपार झाली.

मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "जिजाजी, तुम्हीच म्हणालात की मालकालाही हात लावता येऊ नये. मी तसंच केलंय. आता मलाही लावता येत नाही." मी म्हणालो, मोठ्या बाजारावर बसव मग. तो म्हणाला, तिथे नवीन माणसाची कागदपत्रं तपासायला आठ दिवस घेतात, आणि दहा गिऱ्हाइकं कुठून आणायची? मी फोन आपटणार होतो, पण हल्लीचे फोन आपटले की आपलंच नुकसान होतं.

वाट एकच होती, तक्रार निवारण समिती. नियमाप्रमाणे तिचे सभासद तीन, संस्थापक, अध्यक्ष आणि एक प्रतिष्ठित शिक्षणतज्ज्ञ. शिक्षणतज्ज्ञ म्हणजे हेडबाई. मी अर्ज लिहिला, स्वतःलाच उद्देशून, 'माननीय संस्थापक महोदय' असा. अध्यक्षांनी नियमावली मागवली आणि दाढदुखीचा माणूस खुर्चीत बसवून ठेवून ती वाचली. नियम एकवीस, नातेवाइकाच्या प्रकरणात सभासदाने बसू नये. म्हणजे मी बाद. नियम बावीस, ज्याने स्टार दिले त्याने निवाड्याला बसू नये. म्हणजे बाई बाद. उरले एकटे अध्यक्ष, आणि नियम तेवीसप्रमाणे निर्णयाला दोन जण हवेत. नवा सभासद नेमायचा तर समिती पूर्ण हजर हवी.

"साहेब, फार पक्कं काम केलंय तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते, म्हणून मला त्यांचा जास्त राग आला. खुर्चीतला माणूस तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता.

मग मी हेडबाईंकडे गेलो. चोवीस तास कधीच उलटून गेले होते, त्यांना काही बदलता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मला फक्त भांडायचं होतं. बाईंनी मला बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तीन म्हणजे पाचपैकी साठ टक्के. पहिला वर्ग झाला की. कमी कुठे दिले मी?"

मी म्हणालो, बाई, इथे चार हा पासचा आकडा आहे.

"मग तो पेपर काढणाऱ्याचा दोष. पैकीच्या पैकी मी कुणालाच दिले नाहीत. माझ्या मुलीलासुद्धा नाही. आणि खरं सांगू का, तीन मी तुमच्या मंडळींखेरीज कुणालाच दिलेले नाहीत. भाजीवाल्याला एकच दिलाय."

भाजीवाला वाचला होता, कारण त्याला जेमतेम चारच मतं पडली होती. बाईंनी मला आवळ्याची गोळी दिली. मी ती रागाने चघळत जिना चढलो.

आता होलसेलबद्दल सांगायला हवं. हे आमच्या समोरच्या इमारतीतले गृहस्थ. कुठलीही वस्तू घाऊक आणायची आणि चारही इमारतींत खपवायची हा त्यांचा धंदा, म्हणून हे नाव. बाजारात ते डबे, टॉवेल, पायपुसणी, काय वाटेल ते विकत होते आणि त्यांना पाचपैकी पाच होते. कसे, तर माल दिला की ते दारातून हलायचेच नाहीत. फोन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, बोट कुठे ठेवायचं ते दाखवायचे आणि पाचवा स्टार उमटेपर्यंत तोंडभर हसत उभे राहायचे. हेडबाईंना त्यांनी एकही वस्तू विकली नाही. बाईंनी टॉवेल मागितला की माल संपलाय म्हणून सांगायचे. माझ्या चौसष्ट नियमांतला एकही त्यांनी मोडला नव्हता, हे मी तीन वेळा तपासलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझ्या फोनवर संदेश आला. हाही मीच लिहिलेला. 'अभिनंदन! आपल्या बाजारातला आजवरचा सर्वांत मोठा सौदा झाला. माल, ॲप्रन. नग, दोनशे.' विकणाऱ्याच्या जागी होलसेलचं नाव होतं. हिचं दुकान बंद पडताच त्यांनी आपल्या यादीत ॲप्रन घातले होते, आणि हॉस्पिटलच्या खरेदी विभागाला आमच्या बाजारात ॲप्रन विकणारा तेवढा एकच दिसत होता.

त्याच संध्याकाळी होलसेल कापडाचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात उभे. मला नमस्कार करून ते थेट हिच्याशीच बोलले. "वहिनी, मला सुईत दोरा ओवता येत नाही. हे दोनशे तुमच्याशिवाय कोण शिवणार? नमुना तुमचाच आहे." देणार काय, तर ठरल्याच्या निम्मं. बाकी निम्मं त्यांच्या पाच स्टारचं.

एकतीस वर्षांत कुणावर काढला नाही तो आवाज मी त्या दिवशी काढला. दलाल म्हटलं, चोर म्हटलं, गठ्ठा लाथेने जिन्यात ढकलला. लाथ गठ्ठ्याला कमी आणि उंबऱ्याला जास्त लागली, अंगठा अजून काळा आहे. होलसेल तोंडभर हसत गठ्ठा उचलायला वाकले. तेव्हा ही पुढे झाली आणि तो त्यांच्या हातातून घेतला.

"अगं, हा आपलं काम आपल्यालाच अर्ध्यावर विकतोय," मी म्हणालो.

"मला कळतंय. पण त्या दोघी तीन दिवस घरी बसल्यात. त्यांना तुमचे नियम वाचून दाखवू का?" ती गठ्ठा घेऊन आत गेली आणि मागची खोली लावून घेतली.

दोन आठवडे मशिनं चालली. गाळ्यात दरम्यान एक मोबाइल दुरुस्तीवाला आला. ही तिथून जाताना आता चाल मंद करत नाही. आमच्यात बोलणं चालू होतं, पण 'भाजी वाढू का' आणि 'पंखा बंद करा' एवढंच. बाजार बंद करून टाकावा म्हणून मी नियमावली काढली, तर बंद करायला नियम चौसष्टप्रमाणे सर्व विक्रेत्यांची संमती लागते, आणि विश्रांतीवर असलेल्याला संमती देता येत नाही.

आज सकाळी ॲप्रन पोचले. दुपारी जेवणानंतर माझा फोन वाजला. हॉस्पिटलने मत नोंदवलं होतं, खुद्द मेट्रनबाईंनी. पाच स्टार. ही मागच्या खोलीत शिवत होती, दार उघडं होतं. मी दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, 'शिवण अतिशय सुरेख. खिशाच्या कोपऱ्यात आतून दुहेरी टाका घातला आहे, त्यामुळे कात्री ठेवून खिसा फाटणार नाही. नर्सचं काम ज्याला समजतं त्यानेच हे शिवलं असणार. पुढच्या वर्षीही यांच्याकडूनच.'

मशीन थांबलं. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. काजं करणाऱ्या दोघींनी सुया खाली ठेवल्या.

"कळलं त्यांना टाक्याचं," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा दिसत होता. मग तिने विचारलं, "माझं नाव आलंय का हो कुठे त्यात?"

वर नाव होतं ते होलसेलचं, ठळक अक्षरांत, बाजूला पाच पिवळे स्टार. तिचा चष्मा नाकावर होता, पण फोन माझ्या हातात होता.

"आलंय," मी म्हणालो.

"नीट लिहिलंय ना? लोक चुकवतात."

"नीट लिहिलंय."

ती पुन्हा मशीनकडे वळली. मी चपला घातल्या आणि निघालो. लिहिणाऱ्याला आपल्या मतात चोवीस तास फेरफार करता येतो. त्यातले दोन गेलेत. सध्या मी हॉस्पिटलात मेट्रनबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. त्या वॉर्डात गेल्या आहेत, चपराशी मला दोनदा म्हणाला की आजोबा, उद्या या. मी त्याला सांगितलं की मी उठणार नाही. बाई आल्या की फोन त्यांच्या हातात देईन, बोट कुठे ठेवायचं ते दाखवीन, आणि माझ्या बायकोचं नाव त्यात उमटेपर्यंत समोर उभा राहीन. हसायला मात्र मला जमणार नाही.